वरच्या आळीचा रस्ता

ऐन शूह गावची पालिका म्हणजे दोन खोल्या, एक रईस, म्हणजे नगराध्यक्ष, आणि एक कामगार, रुकोज. रईस घत्तास निवडून आलेला, तो सह्या करायचा. उरलेलं सगळं रुकोजकडे. उन्हाळ्यात खडी-डांबर टाकून खड्डे बुजवायचे, थंडीच्या तोंडावर गटारं उपसून रस्त्यावर झुकलेल्या फांद्या छाटायच्या, आणि एकदा का डोंगर पांढरा झाला की पिवळा बुलडोझर काढून बर्फ दरीकडे लोटत बसायचं. पंचवीस-तीस वर्षं तो हेच करत आला होता. लोक त्याचं कौतुक करत नसत. रस्ता मोकळा असला की तो आपोआपच मोकळा असतो, असं सगळ्यांना वाटतं.

चर्च, बेकरी आणि दवाखाना खालच्या मोठ्या रस्त्यावर होते. वरच्या आळीला जाणारा रस्ता अरुंद, वळणावळणाचा आणि उभ्या चढाचा. रुकोजचा जन्म त्या आळीतलाच. पण युद्धात निम्मी माणसं गेली, मग पैशाची किंमत गेली तशी उरलेलीही गेली, कुणी सिडनीला, कुणी ब्राझीलला. रुकोज आणि त्याची बायको नुहाद, दोघं खाली राहायला आले. वर एकच चूल पेटती राहिली, उम्म नासीफची. नासीफची आई म्हणून उम्म नासीफ. तिचं खरं नाव आता पाद्र्याच्या वहीबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

बर्फ पडला की रुकोज तिच्या दारापर्यंत रस्ता काढायचा. ती वेलदोड्याची कडू कॉफी घेऊन बाहेरच उभी असायची आणि कप हातात देताना टोमणा ठरलेला, "आलास का? मला वाटलं, तुझं ते पिवळं गाढव मेलं एकदाचं."

"गाढव ठणठणीत आहे, मावशी. मीच मेलो असेन थंडीनं."

"तू नाही रे मरत इतक्यात. मला पोचवल्याशिवाय कसा मरशील?"

तिच्या घराच्या अलीकडच्या वळणावर एक अक्रोड होता. नासीफ जन्मला त्या वर्षी तिच्या नवऱ्यानं लावलेला. नवरा गेला, नासीफ सिडनीला जाऊन तिकडचाच झाला, अक्रोड तेवढा राहिला. एका वर्षी छाटणीला गेला असताना रुकोजनं कुऱ्हाडीची बोथट बाजू खोडावर ठोकली, तर आवाज बद्द आला. बुंध्यापाशी भोक होतं, त्यात हात घातला तर मुठीत ओला काळा भुसा. त्यानं रईसला सांगितलं. रईस म्हणाला, मग काढून टाक, यात विचारायचं काय.

दुसऱ्या दिवशी तो इंजिनाची करवत घेऊन वर गेला. उम्म नासीफनं घरातून वेताची खुर्ची आणली आणि बुंध्याला टेकवून तिच्यात बसली. ती रडली नाही, ओरडली नाही. नुसती म्हणाली, "रुकोज, याला काही होत नाही. माझ्याकडे आता सकाळी उठून बघायला दुसरं काय आहे, ते तू सांग. मग खुशाल काप."

रुकोजनं करवत खाली ठेवली. लहानपणी याच बाईनं त्याला तापात मांडीवर घेऊन रात्री काढल्या होत्या. त्याची आई तेव्हा धाकट्याच्या बाळंतपणात होती. त्यानं रस्त्याच्या बाजूच्या फांद्या तेवढ्या उतरवल्या, आणि खाली येऊन रईसला म्हणाला की हा हिवाळा निघेल, पुढचं पुढे बघू. रईसनं मान डोलावली. हिवाळा निघाला. त्याच्या पुढचाही निघाला.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत जे वादळ आलं, ते सलग कोसळतच राहिलं. डिझेल मिळत नव्हतं. असलेलं मोठ्या रस्त्यालाच पुरेल, वरती सध्या जाऊ नकोस, असं रईसनं बजावलं होतं. एका दुपारी उम्म नासीफचा नुहादला फोन आला. छातीवर कुणीतरी दगड ठेवल्यासारखं वाटतंय, म्हणाली, आणि वर हेही म्हणाली की रुकोजला उगाच त्रास नको. नुहादनं शाल डोक्यावर घेतली, बर्फातून धावत जाऊन रुकोजला गाठलं. त्यानं रईसला विचारलंही नाही. खालच्या गावातून रुग्णवाहिका येईपर्यंत त्यानं अर्धा चढ मोकळा केला, आणि ती आल्यावर तिला मागे घेऊन वर सरकू लागला.

शेवटच्या वळणावर अक्रोड आडवा पडला होता.

ओल्या बर्फाच्या भारानं तो बुंध्यातून मोडून अख्खा रस्ता अडवून बसला होता. रुकोजनं करवत चालवली. वरचं लाकूड दगडासारखं कठीण, आतला भुसा ओला. साखळी अडकायची, सोडवायची, पुन्हा अडकायची. शेवटी त्यानं करवत बर्फात फेकली. रुग्णवाहिकेतली दोन माणसं आणि तो, तिघं स्ट्रेचर पुढे ढकलत फांद्यांखालून रांगत पलीकडे गेले आणि छातीइतक्या बर्फातून वाट फोडत घरापर्यंत पोचले.

उम्म नासीफ विझलेल्या शेगडीपाशी, बाहेर जायचा कोट घालून, मांडीवर पर्स घेऊन बसली होती. तिचे ओठ निळे पडले होते. तिघांना बघून म्हणाली, "चालत आलात? गाढव कुठाय?"

"खाली आहे, मावशी. रस्त्यात झाड पडलंय."

तिला स्ट्रेचरवर बांधून ते निघाले. वळणाजवळ आल्यावर तिनं डोळे उघडले. तोंडावर बर्फ पडू नये म्हणून रुकोजनं तिच्यावर घोंगडी धरली होती. तिला दिसत काहीच नव्हतं.

"कुठलं पडलं रे?"

"शेजारच्या सर्किसच्या कुंपणातला पॉप्लर," रुकोज म्हणाला.

"आमचा अक्रोड?"

"उभा आहे. त्याला काय होतंय."

"मी म्हटलं नव्हतं?" ती म्हणाली. आवाजात थोडी शेखी होती, हे त्याला त्याही वेळी जाणवलं. मग तिला त्याच अक्रोडाच्या फांद्यांखालून, बर्फावरून फरफटत, पलीकडे घेतलं. रुग्णवाहिका मोठ्या रस्त्याला लागायच्या आत ती गेली.

नासीफ सिडनीहून येईपर्यंत आभाळ स्वच्छ झालं होतं. चर्चच्या दालनात लोक भेटायला येऊन बसले होते, दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी फिरत होती. कुणीतरी नासीफला झाडाचं सांगितलं. ते पोकळ होतं हे पालिकेला माहीत होतं का, असं त्यानं रईसला विचारलं. रईस घत्तासनं क्षणभर कपाकडे पाहिलं. "मी कापायला सांगितलं होतं. त्याला विचार."

सगळे रुकोजकडे बघायला लागले. नुहाद बायकांच्या रांगेतून उठलीच. त्यानं तिच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली.

"राहून गेलं," तो म्हणाला.

"राहून गेलं?" नासीफनं शांतपणे विचारलं. "माझी आई गेली. आणि तुझं राहून गेलं."

 नासीफनं जाताना सगळ्यांचे हात हातात घेतले, रुकोजचा घेतला नाही.

घरी आल्यावर नुहाद त्याच्यावर तुटून पडली. एक वाक्य बोलायचं होतं, म्हणाली, त्याच्या आईनंच खुर्ची टाकून अडवलं म्हणून सांगायचं होतं.

"मग काय झालं असतं?" रुकोजनं विचारलं. "तो आयुष्यभर आईला दोष देत बसला असता. मला देतोय, ते बरंय. मी इथं आहे, तो तिकडे." मग तो म्हणाला, "आणि मी एकाच बाजूच्या फांद्या काढल्या होत्या. झाडाचा तोल मीच घालवला असेन."

वरच्या आळीचा रस्ता आता कुणी मोकळा करत नाही. वर कुणी नाहीच. तिथला बर्फ एप्रिलपर्यंत तसाच पडून असतो.

रुकोज कामावर राहिला, पण माणूस बदलला. आधी तो फांदीला हात लावण्यापूर्वी घरमालकाशी गप्पा मारायचा, झाडाभोवती दोन फेऱ्या घालायचा. आता सरळ करवत सुरू करतो. लोकही कधीकधी खिडकीतून म्हणतात, "काप बाबा, या वेळी राहू देऊ नकोस." तो वर बघत नाही. शाळेपुढचे चिनार त्यानं नुसते खुंट करून टाकले. दवाखान्यामागचा एक म्हातारा हात जोडून उभा राहिला होता, त्याचा जर्दाळूही गेला.

गेल्या थंडीच्या तोंडावर तो नुहादच्या माहेरच्या तुतीवर चढला. तिच्या वडिलांनी त्या सावलीत आयुष्यभर पत्ते खेळले होते. संध्याकाळपर्यंत अंगणात बुंधा तेवढा उरला. नुहाद बाहेर आली, वाकून तिनं कापलेल्या खोडावर तळहात फिरवला. लाकूड पिवळंधमक, घट्ट, मधोमध कुठे साधा डागही नव्हता.

"हे निरोगी होतं," ती म्हणाली.

"हो," रुकोज म्हणाला. "मला माहीत होतं." आणि तो फांद्या ओढून रस्त्याकडेला लावू लागला.