बोटीवर न चढलेल्या बाईचा वाटा

तक्रारदार: वसई तालुक्यातील एक वीटभट्टीमालक. तक्रार जिच्याविरुद्ध: भट्टीवर अडकवून ठेवलेल्या आदिवासी मजुरांना कोर्टामार्फत सोडवणारी एक बाई. साक्षीदार: पाचूबंदरचा एक तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचा प्रमुख, आणि मासळी विकणारी त्याची बायको. चौकशी अंमलदार: मी स्वतः, तेव्हा हवालदार, हल्ली स्वेच्छानिवृत्त व कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा. नावे शिस्तीस धरून गाळली आहेत. सदर घटना फार जुनी नाही, परंतु ती माझ्या डोळ्यांपुढून आजही हलत नाही.

खबर अशी होती, की बाईला परदेशातून पैसा येतो. वरून दबाव होता. पुरावा मिळाला असता तर बाई आत गेली असती आणि भट्टीवरची उरलेली कुटुंबे तिथेच खितपत पडली असती. तिच्या बँक खात्यात काही निघाले नाही. तरी चूल पेटत होती, कोर्टाच्या फेऱ्या चालू होत्या. हजेरी आटोपून मी साध्या वेशात पाळत ठेवली. एक मासळीवाली तिच्या घरी वरचेवर येई. तिच्या मागोमाग मी पाचूबंदर गाठले.

बोट नुकतीच लागली होती. वाटे पडत होते: बोटीचा, जाळ्याचा, मग माणशी एक. माणसे पाच, माणसांचे ढीग मात्र सहा.

ओळखपत्र दाखवून, वही उघडून मी तांडेलाला दरडावले, "हा जास्तीचा कोणाचा?"

"आमच्या मानसाचा."

"कुठे आहे तो?"

"तो नाय, ती. कोर्टात गेलीय."

"ती बाई कधी बोटीवर चढली आहे का?"

"चढली तर वकून टाकील सगला डेक!" मासळीवाली हसली. ती तांडेलाची बायको निघाली. "पन साहेब, आमचे खलाशी त्या मजुरांच्याच पाड्यातले. त्यांची भावंडं भट्टीवर अडकलीत. ती तिकडं ओढते, आमी हितं ओढतो. तिचा वाटा मी इकते नि खोलीभाडं, गाडीखर्च भागवते."

"आणि मासळी लागली नाही तर?"

"तर सगलेच उपाशी," तांडेल म्हणाला. "लिवा, लिवा. नायतर या जाल ओढाया, तुमालापन वाटा देतो."

शेजारच्या बोटीवरून कोणी ओरडले, "पुढच्या खेपेला तिचा वाटा द्यायची पाली आमची हाय, तेपन लिवा!"

भले भले आरोपी मी बोलते केले आहेत. इथे कोणी काही लपवतच नव्हते. मी तिथेच पायातल्या चपला काढून उभा राहिलो. का, ते मला अद्याप लिहिता येत नाही.

अहवालात मी पाहिले तेच लिहिले. तक्रार अर्ज दफ्तरी दाखल होऊन प्रकरण बंद झाले आणि पुढे कोर्टाच्या हुकमाने ती कुटुंबे सुटली. एकटे माणूस बलाढ्याशी भांडताना दिसले, की आम्ही पोलीस त्याच्यामागचा धनी शोधतो. मागे धनी नसून वाटेकरी असू शकतात, हे मला सबंध नोकरीत कोणी शिकवले नव्हते.

आता नव्या तक्रारीवरून बाईची चौकशी पुन्हा सुरू झाली असून तांडेलासही बोलावणे गेल्याचे समजते. तरी मेहेरबान साहेबांस विनंती, की त्यांच्याआधी माझा जबाब नोंदवून घ्यावा. आणि स्वकष्टाच्या मासळीतला वाटा दुसऱ्यास देणे हा कोणत्या कलमाखाली गुन्हा ठरतो, याचे लेखी उत्तर मिळावे.