भूक नसतानाची बिस्किटं

पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार कक्षात तो फोन घ्यायचा. समोरचा कितीही भडकला तरी याचं उत्तर ठरलेलं, "नोंदलं, साहेब." त्यावरून कचेरीत त्याला सगळे नोंदलंभाऊ म्हणत. स्वभावाने गरीब, आवाजाने मऊ. नळ कोरडा पडला की लोक आधी याचा उद्धार करत, मग पत्ता सांगत.

त्याच्या टेबलाच्या खणात क्रीमच्या बिस्किटांचे पुडे असत. फोन ठेवला की हात खणात जाई. खाताना लक्ष नसे. पुडा संपला की कागदाची घडी करून तो खिशात घाली. टोपलीत कुणाला दिसायला नको.

बायको शिवणकाम करायची. त्याच्या पँटची कंबर तिने एकदा सैल केली, पुन्हा केली. तिसऱ्या वेळी पँट त्याच्या हातात देऊन म्हणाली, "आता सोडायला आत कापडच उरलं नाही. खाता काय एवढं?"

"वय झालं की पोट सुटतंच."

"वय माझंही झालं," ती म्हणाली. विषय तिथेच राहिला.

मग एकदा रस्ता खणताना केबल तुटली आणि कक्षातले सगळे फोन बंद पडले. त्याने साचलेले अर्ज लावले, शेजारच्या टेबलावरच्या बाईंशी गप्पा मारल्या, डबा खाल्ला. निघताना किल्लीसाठी खण उघडला, तर सकाळी आणलेला पुडा तसाच. तो त्याच्याकडे बघत राहिला. आपल्याला सारखी भूक लागते, असं तो इतकी वर्षं समजत होता. आज ती फिरकलीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने पुडे वाटून टाकले. दुपारपर्यंत निभावलं. मग एकाने फोनवर त्याचे आईबाप काढले, आणि तो कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन उभ्या उभ्या बिस्किटं खाऊन आला. मिशीवरचा चुरा शेजारच्या बाईंना दिसला.

"अहो, खण रिकामा केलात, पण त्या शिव्या कुठे ठेवणार?" बाई म्हणाल्या. "मी तर फोन ठेवला की त्या माणसाला इथल्या इथे उत्तर देते. मोठ्याने. फोन नीट ठेवलाय ना, तेवढं आधी बघायचं."

त्याने करून पाहिलं. पण उलटून बोलायची सवयच नव्हती. शब्द ओठांवर येईनात. संध्याकाळी बायको मशीनवर बसली होती. तो शेजारी स्टूल ओढून म्हणाला, "आज एक जण मला नळाखाली बुडवून मारतो म्हणाला."

"पण नळाला पाणी कुठे होतं?"

दोघंही हसली. हसता हसता त्याचे डोळे भरून आले, तेव्हा तिने मशीन थांबवलं. बरीच वर्षं साठलेलं तो सांगत बसला, बिस्किटांचंही. जेवण थंड झालं.

पुढे तीच सवय पडत गेली. वाईट फोन आला की तो उठून खिडकीशी जाई, रस्त्यावरची रहदारी बघत थांबे. उरलेलं घरी सांगे. एखाद्या दिवशी हे जमत नसे. अशा एका संध्याकाळी त्याचा चेहरा बघून बायकोने विचारलं, "खाल्लीत ना?"

"अर्धा पुडा."

"कोण होता?" म्हणत तिने स्टूलवरचे कपडे उचलून त्याला जागा करून दिली.