कॉफी म्हणजे जेवण नव्हे

कैसू मोइलानेनला खोटारडी म्हणायची कुणाची छाती नव्हती. बर्फाळ कैनू परगण्याच्या रानातल्या वस्त्यांवर ती उभी हयात टपाल वाटत फिरली. बर्फात गाडी रुतली तर स्कीवर निघाली, पण कुणाचं पत्र उद्यावर टाकलं नाही. अशा बाईला डायलिसिसच्या खोलीत दर महिन्याला तेच ऐकावं लागे.

"फॉस्फरस पुन्हा वर गेलाय, कैसू. गोळ्या चुकवतेस ना?" सैनी नर्स विचारी.

"एकही नाही. दुपारच्या जेवणाला घेते, संध्याकाळच्या जेवणालाही घेते."

"बरं, बरं."

त्या 'बरं, बरं'मध्ये विश्वासाचा लवलेश नसे. मग डॉक्टर जेवणाच्या गोळ्या वाढवत, आणि अन्नातला फॉस्फरस पोटातच अडवणाऱ्या, खडूच्या चवीच्या त्या गोळ्या कैसू रागारागाने चावत राही.

धाकटा भाऊ वेसा आपलं एक मूत्रपिंड तिला द्यायला निघाला, तेव्हा कुठे तिचा चेहरा सैलावला.

"तुझं म्हणजे आळशीच असणार," ती म्हणाली.

"मग राहू दे. शेजाऱ्याला देतो. तो निदान आभार तरी मानेल."

वेसाच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. कैसूच्या पोटाचं चित्र मात्र शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाई बराच वेळ बघत बसल्या. जांघेकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या त्यात हाडांसारख्या पांढऱ्या दिसत होत्या.

"मूत्रपिंड जोडायचं ते यांनाच," त्या म्हणाल्या. "पण यांच्या भिंतींत चुना भरलाय. टाका घालायला मऊ जागाच उरलेली नाही, त्यामुळे मूत्रपिंड बसवता येणार नाही. फॉस्फरस वर्षानुवर्षं चढा राहिला की असं होतं."

"तो चुना काढा मग."

"निघत नाही तो. तुम्ही गोळ्या नियमित घेतल्या असत्या, तर…"

पुढचं ऐकायला कैसू थांबली नाही.

घरी वेसाने कॉफी ठेवली. त्याच्या बायकोने भट्टीत भाजलेल्या चिजाचे तुकडे कपांच्या तळाशी घातले आणि वरून गरम कॉफी ओतली. आई द्यायची तशीच. कैसू अजून धुमसत होती. तिने मऊ झालेला तुकडा चमच्याने उचलला आणि वेसाचा हात थबकला.

"गोळी नाही घेतलीस?"

"कशाला? हे काय जेवण आहे?"

"चीज आहे ना ते. दुधाचं. फॉस्फरस त्यातही असतो."

"कॉफी आहे ही, वेसा! कॉफीला जेवण कोण म्हणतं?"

कुणीच म्हणत नव्हतं. सकाळी उठल्यावर कॉफी, अकराची कॉफी, दुपारची, पाहुण्यांबरोबरची. टपाल घेऊन दारात गेलं की कप पुढे यायचा, आणि नको म्हणणं म्हणजे त्या घराचा अपमान. प्रत्येक कपाबरोबर चीज. गोळी जेवणाबरोबर घ्यायची असं सांगितलं होतं, ते तिने अक्षरशः पाळलं होतं.

"आणि इस्पितळात?" वेसाने हळूच विचारलं.

कैसूने चमचा टेबलावर आपटला. "तिथे सैनीच देते! कॉफी आणि चीज लावलेला पाव. मला खोटं पाडायचं, आणि त्याच हाताने ते वाढायचं!"

पुढच्या खेपेला दंडात सुया गेल्या, यंत्र सुरू झालं आणि नेहमीसारखी सैनी ट्रे घेऊन आली. कैसूने तो हाताने मागे सारला.

"याच्याबरोबर गोळी घ्यायची, हे मला कधी सांगितलंस?"

सैनी गोंधळली. "जेवणाबरोबर घे, असं आम्ही प्रत्येक वेळी…"

"जेवणाबरोबरच घेतल्या! एक नाही चुकवली. कॉफीबरोबर काय खातेस, असं विचारलंस कधी? विचारशील कशी, वाढत तर तूच होतीस."

सैनीचा चेहरा पडला. "माझ्या ध्यानातच आलं नाही गं. आमच्या घरीसुद्धा…"

"घरोघरी तेच, ठाऊक आहे मला. पण माझ्या भावाचं मूत्रपिंड तुमच्या ध्यानात न येण्यापायी गेलं. आता मरेपर्यंत ही खुर्ची. आणि खोटारडी मी!"

शेजारच्या खुर्चीत ऑस्कारी होता. म्हातारा लाकूडतोड्या, नुकताच इथे येऊ लागलेला. भांडण आपलं नव्हे असं ठरवून त्याने चिजाचा पाव तोंडाशी नेला.

"खाली ठेव तो!" कैसू कडाडली. "गोळी कुठाय तुझी?"

"अगं, कॉफीच तर पितोय."

"मीही तेच म्हणायची. ठेव म्हणते ना!"

ऑस्कारीने मुकाट्याने पाव बशीत ठेवला. ट्रे हातात घेऊन सैनी अजून तिथेच उभी होती.

"माझ्याकडे काय बघतेस?" कैसू म्हणाली. "त्याच्या गोळ्या आण. माफी नंतर माग. मी देईनच, असं नाही."

सैनी ट्रे तिथेच टाकून गोळ्या आणायला धावली.