बाईंचा खरा रंग

पावणे गावातल्या एका रंगाच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी शेड जुळवण्यात गेली. कुणी कपाटाचा टवका आणून दिला, की त्याच रंगाचा डबा मी तयार करून द्यायचो. त्यामुळे निवृत्तीनंतर तैलरंगात माणसं रंगवायला लागलो, तेव्हा कातडीच्या रंगाची धास्ती अशी वाटली नाही. उजेडाकडे पिवळसर, सावलीत हिरवट तपकिरी, कानाच्या पाळीला लाली. हाताला ते लवकर बसलं.

आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांच्या तोंडावर कोड आहे. एकदा जिन्यात थांबवून म्हणाल्या, "भाऊ, माझं चित्र काढाल? स्टुडिओवाले दरवेळी डाग पुसून देतात. घरात माझा एक खरा फोटो नाही."

"काढतो की. फक्त हलायचं नाही."

बाई हिरवी साडी नेसून आमच्या गॅलरीजवळ बसू लागल्या. सावळा रंग झटक्यात जमला. डागांसाठी पांढऱ्यात थोडा गुलाबी मिसळला, तर तोंडावर चुना उडाल्यासारखं दिसायला लागलं. तेवढं चिंधीने पुसलं आणि नुसतं बघत बसलो. हनुवटीवरच्या डागात साडीचा हिरवा उतरला होता. कपाळावरच्या डागात आभाळाचा निळसर उजेड होता. गालावरचा तर बाई बोलल्या की गुलाबी व्हायचा. निव्वळ पांढरं कुठेच नव्हतं.

"बाई, बोलत राहा."

"हलू नका म्हणालात ना?"

"तोंड हलवा. शाळेतलं काहीतरी सांगा."

त्या सांगत गेल्या, हसत गेल्या, आणि मी गाल रंगवून घेतला.

चित्र बघायला द्रोणागिरीला राहणारी त्यांची मुलगी आली. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, डाग जरा कमी नाही करता येणार? घरी चार माणसं येतात."

"येऊ देत. डाग काढले तर ती तुझी आई राहणार नाही. मी नाही करणार."

बाई त्याच हिरव्या साडीत, चष्मा लावून, चित्राला नाक टेकेल इतक्या जवळ उभ्या होत्या. "अगं, हनुवटीवर हिरवं आहे! खरंच असं दिसतं का, बघ बरं."

मुलीने आईची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. बराच वेळ बघितलं.

"आहे गं, आई. मी कधी बघितलंच नव्हतं."

मग दोघी चित्र उचलायला पुढे झाल्या. "कडेला धरा, रंग ओला आहे," म्हणत मी दार उघडलं.