भाऊसाहेबांच्या गाडीचं ॲव्हरेज

"मिस्त्री, ती बाटली आधी बाजूला ठेवा," भाऊसाहेब म्हणाले. "माझ्यावर भरवसा न्हाई का?"

मी भाऊसाहेबांच्या दारात, त्यांच्या विकाऊ मोठ्या गाडीचं बॉनेट उघडून उभा होतो. म्हटलं, "तुमच्यावर हाय. गाडीवर न्हाई."

डॉक्टरबाई हसल्या. भाऊसाहेब हसले नाहीत. ते माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांचा ट्रॅक्टर, जीप, सगळं माझ्याच गॅरेजला यायचं. हिंगोली तेव्हा तालुक्याचं गाव, गाड्या मोजक्या. असा एक मालक रुसला की मिस्त्री बसला माशा मारत.

बाई मूळच्या आखाडा बाळापूरच्या. हिंगोलीत नवाच दवाखाना टाकला होता. बाळंतपणाला घरोघर जायच्या. खाचखळग्यांच्या गल्लीत सायकलरिक्षावाला यायचा नाही, मग बॅग घेऊन पायी. दोनतीनदा त्या पोचायच्या आत लेकरू पोचलं होतं. म्हणून त्यांना जुनी, स्वस्त गाडी हवी होती. नेमकं तेव्हाच पेट्रोल एकाएकी महागलं होतं, आणि मोठ्या गाड्यांच्या मालकांना जिकडं तिकडं गरजू डॉक्टर दिसायला लागले होते.

"लिटरला पंधरा किलोमीटर देते," भाऊसाहेब म्हणाले. "कनेरगाव नाक्यावरून येताना मोजलंय."

त्यांचा ड्रायव्हर मला माहीत होता. उतार आला की इंजिन बंद करून गाडी सोडून द्यायचा. इंजिन बंद असलं की कोणतीही गाडी चांगलं ॲव्हरेज देते.

शहरातलं ॲव्हरेज वेगळं. पहिला गिअर, दुसरा गिअर, ब्रेक, समोर शेळी, परत पहिला गिअर. यात गाडी सगळ्यात जास्त पिते. ते मोजायची माझी रीत सोपी होती. टाकीची नळी सोडायची आणि लिटरभर पेट्रोलची बाटली जोडायची. बाटली संपेपर्यंत गाडी किती चालली, ते खरं ॲव्हरेज. सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून पाहिलं. काजळी काळीकुट्ट. म्हणजे ही बया पेट्रोल नीट जाळत नव्हती, नुसती ढोसत होती.

निघालो. मी स्टिअरिंगवर, शेजारी भाऊसाहेब, मागं बाई. बाजाराचा दिवस. भुसारी बाजारापाशी एक बैलगाडी आडवी आली. गाडीवानानं बाईंना ओळखलं आणि उडीच मारली.

"बाई, आमी तुमच्याकडंच येऊन राहिलो! बायकोला लई तकलीफ हाय!"

बाई बैलगाडीत चढल्या, बघितलं, आणि लगेच खाली आल्या. "बाळाचे पाय आधी येताहेत. हिला या गाडीत घ्या. दवाखान्यात चला."

"सीट कव्हर नवं हाय..." भाऊसाहेब पुटपुटले. बाईंनी नुसतं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी गुपचूप दार उघडून धरलं.

त्या बाईला मागं आडवं केलं. डॉक्टरबाई तिच्यापाशी, नवरा पायरीवर लोंबकळत. दवाखान्याच्या अलीकडच्या वळणावर इंजिन खोकलं आणि बंद पडलं. बाटली कोरडी. मी धावत उतरलो, नळी परत टाकीला जोडली, सेल्फ मारला. काही नाही. टाकीत काठी घातली. तीही कोरडीच निघाली.

"पेट्रोल सकाळीच काढून घेतलं," भाऊसाहेब हळूच म्हणाले. "गाडी इकायची हाय. पेट्रोल काहून इकायचं?"

"खाली उतरा," मागून बाई म्हणाल्या. "धक्का मारा."

आयुष्यात ज्यांनी स्वतःच्या घराचं फाटक कधी लोटलं नसेल, ते भाऊसाहेब परीटघडीच्या धोतरात गाडी लोटायला लागले. मी खिडकीतून एक हात स्टिअरिंगवर ठेवून ढकलत होतो. बाजारातली माणसं धावली. "जोर लगाव, मालक!" कोणीतरी ओरडलं. मालकांनी जोर लावला. आत ती बाई कळवळली की ते आणखी जोर लावत.

दवाखान्याचं दार बंद झालं आणि आम्ही बाहेर पायरीवर बसलो. भाऊसाहेबांचा घाम थांबत नव्हता. गाडीचं नाव त्यांनी काढलं नाही.

"मिस्त्री, वाचंल का हो लेकरू?"

मला काय कळतंय. मी म्हटलं, "वाचंल."

बराच वेळ आतून काहीच आवाज नाही. मग रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत. पोरगी झाली, आई बराबर होती. नवरा भाऊसाहेबांच्या पाया पडायला लागला.

"माझ्या काय पाया पडतो? गाडीच्या पड," ते म्हणाले. मग गाडीकडं बघून म्हणाले, "तिच्या बी नको."

बाई हात पुसत बाहेर आल्या तसा भाऊसाहेबांमधला व्यवहारी माणूस जागा झाला. "मंग? गाडी कशी वाटली?"

"ऐसपैस आहे, भाऊसाहेब. पण मला पेशंटकडं जायचंय. हिला ढकलायला पेशंट कुठून आणू?"

पुढच्या बाजाराला, त्याच रस्त्यानं, बदली झालेल्या एका बँक ऑफिसरची छोटी फियाट बाटली लावून चालवून पाहिली. रंग शिळ्या वरणासारखा, एक दार फक्त बाहेरून उघडायचं. पण धूर स्वच्छ, इंजिनात दम होता. गॅरेजला परत आलो तरी बाटलीत पेट्रोल शिल्लक होतं. बाईंनी तीच घेतली आणि कितीतरी वर्षं चालवली.

भाऊसाहेबांनी रागानं ट्रॅक्टर दुरुस्तीला नांदेडला नेला. ऐन नांगरटीत तिथं ताटकळले आणि मुकाट माझ्याकडं परत आले. मोठी गाडी कोणी घेतली नाही. ती गोठ्यात ताडपत्रीखाली राहिली. कोंबड्यांना अंडी घालायला फार सोयीची पडली.

जुनी गाडी घेणाऱ्याला मी एवढंच सांगतो: ॲव्हरेज मालकाला विचारू नका, गाडीला विचारा. आणि निघायच्या आधी टाकीत एकदा काठी घाला.