पांढऱ्या बैलाला दिलेला सदरा

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. आष्ट्याजवळच्या एका जत्रेत शर्यतीची बैलगाडी उलटली आणि माझे यजमान चाकाखाली गेले. बैल गावातल्या एका बागायतदाराचे. हे फक्त हाकायचे.

जोडीतला पांढरा बैल यांचा फार लाडका. मी माहेरी गेले की मला न्यायला दीर यायचे, कारण हे त्या बैलाला चोळत बसलेले असायचे. घरी आले तरी अंगाला त्याचाच वास. मी कधी काही म्हटलं नाही. बोलायची मला सवयच नव्हती.

हे गेले आणि त्या बैलानं वैरण सोडली. मग गावभर तीच गोष्ट. मला भेटायला आलेल्या बायकासुद्धा त्याचंच सांगायच्या. "मुकं जनावर, पर जीव बगा कसा लावलाय. चार दिस झालं, पेंडीला तोंड लावंना." माझ्याही पोटात चार दिवस चहाशिवाय काही नव्हतं. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पाचव्या दिवशी बैलाचे मालक आले. ओसरीवर बसून सासूबाईंना म्हणाले, "वयनी, तेच्या अंगातला एखादा सदरा द्या. गव्हाणीवर टाकतो. वासावर खाईल."

"न्या की," सासूबाई म्हणाल्या. "जा गं, आण."

यांचा न धुतलेला सदरा एकच उरला होता. सुतक फिटताना घरातलं सगळं धुतलं जाणार, म्हणून मी तो वाकळेच्या घडीत लपवला होता. आत कुणी नसलं की नाकाला लावायची. आता तोही त्यालाच?

आमच्यात दिवाळीला एकाच ताग्यातून दोघा भावांचे सदरे शिवत. खुंटीवर दिरांचा तसाच निळ्या रेघांचा सदरा होता, उसाच्या रानातून येऊन काढून ठेवलेला. मी तो नेऊन दिला. देताना तोंड फिरवलं. मालकांना वाटलं दुःखानं. "रडू नगं, पोरी," म्हणाले.

दिवस मावळायच्या आत शेजारीण सांगत आली. "खाल्लं बगा. सदऱ्यात तोंड घातलं, हुंगलं, आन् आख्खी पाटी रिकामी केली. लय वळख हाय गं मुक्या जिवाला. मी मेले तर आमचं म्हातारं दोन घास जास्तच खाईल."

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी चुलीपुढं मान खाली घालून बसले. मला आनंद झाला होता, खोटं कशाला लिहू. ज्याच्यासाठी हे मला एकटी टाकून गोठ्यात बसायचे, त्याला यांचा वास ओळखता आला नाही. मी डोळे मिटून सांगितला असता.

त्या दिवशी मी भाकरी वाढून घेतली. अर्धी खाऊन झाल्यावर यांच्यासाठी फार वाईट वाटलं. किती चोळायचे त्याला.