पाणकावळ्यांची बाभूळ
पाणकावळ्यांच्या विष्ठेचा उग्र वास आला की मला मोताळ्याकडच्या धरणावरची ती सकाळ आठवते. मी तिथे बोटीतून लोकांना पक्षी दाखवायचो. फोटोसाठी उडते पक्षी पाहिजेत म्हणून एका पाहुण्याने बाभळीवर दगड भिरकावला आणि घरट्यातलं पिल्लू पाण्यात पडून बुडालं. मी म्हणालो, “साहेब, दगड काऊन मारून राह्यले?” तो हसला. “तू गपचूप बोट चालव.” मी बाकीच्यांना बोटीच्या छताखाली बसवलं आणि घरटी नसलेल्या, पण पाणकावळ्यांनी लगडलेल्या बाभळीखाली बोट नेली. “आता मारा, साहेब.” उडताना हे पक्षी पोट रिकामं करतात, हे मी रोज सगळ्यांना सांगायचो; त्याला नाही सांगितलं. दगड मारून तो आ वासून वर बघत राहिला. आजही तो वास आला की मी नाक दाबत नाही.